ताटातली ग्रामपंचायत

केळवे, एडवण, कोरे, दातिवरे या पालघर तालुक्यातल्या किनारी गावांना आगोट म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्याआधी सुके बोंबील, जवळा, सुकट, कांदे, तांदूळ, चिंच, मसाला असे सगळे भरून ठेवायचे आणि पाऊस काढायचा. आज आरोग्य खाते ज्याला आहाराचे नियोजन म्हणते, ते या किनाऱ्यावरच्या बायकांनी कोणत्याही खात्याची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या केले. चांगल्या वाळलेल्या बोंबलाच्या 100 ग्रॅममध्ये 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. जवळा तर अख्खाच खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियमही थेट पोटात जाते. इथून पूर्वेला महामार्ग ओलांडून जव्हार-मोखाड्याकडे चढत गेले की हीच शहाणीव नागली, वरई, उडीद आणि पावसाळ्यातल्या शेवळा, कोळी, टाकळा, करटोली अशा रानभाज्यांत दिसते. म्हणून एखाद्या स्थानिक संस्थेला लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलायच्या असतील, तर ‘लोकांना काही कळत नाही’ ही समजूत तिने सर्वात आधी सोडली पाहिजे. लोकांना कळते. बदलले आहे ते एवढेच, की हाताशी काय आहे आणि कितीला आहे. आणि ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा खरा अधिकार नेमका याच दोन गोष्टींवर चालतो.

सरकारने माझ्या ताटात डोकावू नये, हा आक्षेप ऐकायला स्वाभिमानी वाटतो, पण ताटाचा इतिहास त्याला साथ देत नाही. सरकार ताटात आधीपासूनच बसलेले आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, मुलांनी सुकडी खाल्ली. लहानपणी पोटात गेलेली ती सुकडी एक अख्खी पिढी अजून विसरलेली नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्य ठरवले. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया असे दरही ठरले आणि 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. कागदावर भरड धान्य सर्वात स्वस्त होते. दुकानात आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. रेशनने भूक अडवली, आणि ते फार मोठे काम आहे. पण डोंगरउतारावर नागली लावायची, राखायची, कापायची, झोडायची, दळायची, आणि शेजारच्या दुकानात पांढरा तांदूळ फुकट मिळायचा, अशा स्थितीत घरातल्या बाईने काय निवडावे? 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहाच्या आत, हे तिला सांगून हा हिशेब बदलत नाही. सरकारने ताटात हात घालावा की नाही, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. उरतो तो दुसरा प्रश्न: मुंबई-दिल्लीहून आलेला हात ताट भरत असताना गावाजवळच्या हाताने गप्प का बसावे?

गप्प बसण्याजोगी परिस्थिती मुळीच नाही. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि 36.1 टक्के मुलांचे वजन कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतले रक्तक्षयाचे प्रमाण चौथ्या पाहणीत 53.8 टक्के होते, ते 68.9 टक्क्यांवर गेले. 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये ते 54.2 टक्के आहे. त्याच पाहणीत 23.4 टक्के स्त्रिया आणि 24.7 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. रक्त कमी आणि वजन जास्त, या दोन्ही गोष्टी आता एका राज्यात, एका तालुक्यात, कधी कधी एकाच घरात नांदतात. पालघरला हे नीट माहीत असायला हवे. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरवले, आणि 2016 मध्ये मोखाड्याने तीच जखम पुन्हा उघडली. दुसऱ्या टोकाला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. पाळीवर जाणारा कामगार दोन घासांच्या वेळेत वडापाव, फरसाण, बिस्किटाचा पुडा आणि गोड चहा यांवर दिवस ढकलतो. पोट भरते, पण भाजी, डाळ, मासा यांना त्यात जागाच उरत नाही.

इथे सर्वात वजनदार आक्षेप येतो. खाण्याचा प्रश्न सवयीचा नाही, गरिबीचा आहे, भुकेल्या माणसाला आहार शिकवणे क्रूरपणाचे आहे. या आक्षेपातला राग रास्त आहे आणि नुसत्या घोषणांना तो लागूही पडतो. 2018 पासून दर सप्टेंबरात पोषण महिना होतो. रांगोळ्या निघतात, थाळ्या मांडल्या जातात, छायाचित्रे वर पाठवली जातात. त्यातून कोणाच्या घरात अंडे येत नाही. पण याच महाराष्ट्रात 2015 साली आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आली आणि तिने वेगळा रस्ता धरला. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, उकडलेले अंडे. अंगणवाडीतून घरी नेलेले आहाराचे पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटले जाते आणि आई शेवटी जेवते. सगळ्यांना वाढून उरेल ते आपले, ही सवय गरिबीइतकीच जुनी आहे. बाई अंगणवाडीत बसून जेवली की त्या एका वेळेपुरती ती मोडते. म्हणजे पैसा आणि सवय हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकाच गाठीचे दोन पदर आहेत, आणि ती गाठ स्वयंपाक शिजतो त्या जागी सुटते. योजनेची देखरेख गावातल्या चार जणांच्या आहार समितीकडे दिली, हे तिचे बळ. समिती जागी असेल तिथे ताट वेळेवर पडते. पैसे महिनोन्‌महिने अडकले तर अंगणवाडी सेविकेला उधारीवर चूल पेटवावी लागते आणि मग डाळ पातळ होत जाते.

खाण्याच्या सवयी स्थानिक पातळीवर खरोखर बदलतात का, याचे जगातले सर्वात परिचित उत्तर फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात मिळते. 1970 च्या सुमारास तिथले ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते, की प्रांताच्या राज्यपालांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारकडे लेखी मागणी केली. 1972 मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोण्यावर वाढलेल्या लाकूडतोड्यांना व्याख्याने देऊन भागत नाही, हे त्यांना लवकर उमगले. मग मार्था या गृहिणींच्या संघटनेच्या बायकांनी गावोगाव जेवणावळी घातल्या, नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि जास्त भाज्या घालून वाढले. सॉसेज करणाऱ्यांनी चरबी कमी करून मशरूम वापरले. दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्याचे पोट मारून लोणी कमी होणार नाही, म्हणून त्याला बेरीवर्गातली फळे लावायला मदत झाली. चार दशकांनी काम करत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटलेले होते. यातला काही वाटा धूम्रपान कमी झाल्याचा आणि उपचार सुधारल्याचा आहे, तो वजा करूनही उरते ते थोडके नाही. मला यातले फळांचे प्रकरण सर्वात मोलाचे वाटते. खाणाऱ्याची सवय बदलायला निघालेल्यांनी पिकवणाऱ्याची सोय आधी पाहिली.

आता दुसरी बाजू. स्थानिक संस्थेला ताटापर्यंत येऊ दिले तर ती उद्या हुकूम सोडू लागेल, ही भीती हवेतली नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने 1988 च्या जुन्या ठरावाचा आधार घेऊन 15 ऑगस्ट 2025 रोजी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने 24 तास बंद ठेवायचा आदेश काढला, आणि राज्यभर वाद पेटला. त्या आदेशामागे आरोग्याचे कोणतेही कारण नव्हते. एका समूहाच्या ताटाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याच्या ताटाला संकोच, एवढाच त्याचा अर्थ कोळी, आगरी, आदिवासी, दलित, मुस्लिम घरांना लागला. शाळेतल्या अंड्याचेही हेच झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा फळ द्यायचे ठरवले. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागातून करा असे सांगण्यात आले. ज्या गावाला लोकसहभागाची ऐपत आहे त्या गावच्या मुलांना अंड्याची गरज कमी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माझे म्हणणे असे की मर्यादा स्पष्ट आखता येते. पंचायतीने ताटात वाढावे, काढून घेऊ नये. अंडे नको त्याला केळे मिळावे, पण एकाला नको म्हणून दुसऱ्याचे अंडे उचलले जाऊ नये. बंदी घालायचीच तर ती मुलांना लक्ष्य करून विकल्या जाणाऱ्या मालावर घालावी. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. फाटकासमोर माळेसारखी लटकणारी पाच आणि दहा रुपयांची पाकिटे पाहिली की हा नियम गावापर्यंत पोचला का हे कळते. टपरीवाल्याचे पोट मारायचे कारण नाही. त्याच टपरीवर उकडलेल्या शेंगा, चणे, केळी, उकडलेली अंडी ठेवायला बचत गटाचा हात मिळाला, तर त्याचाही धंदा चालतो.

न सांगता केलेला बदल कसा फसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. लोहयुक्त तांदूळ रेशनमध्ये आणि शाळेत आला, तेव्हा त्यातले वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे पाहून अनेक गावांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते निवडून फेकले गेले. हेतू चांगला, पैसा खर्च झालेला, आणि नेमके लोहच उकिरड्यावर. दाणा काय आहे हे ग्रामसभेत दाखवून, तिथेच शिजवून वाढले असते तर एवढे झाले नसते.

एडवणसारख्या गावाने सुरुवात कुठून करावी, असे विचारले तर माझे बोट सुक्या मासळीकडे जाईल. सरकारी आहाराच्या तक्त्यांत तिला जागा नाही, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो. वास येतो, सगळे खात नाहीत, ही अडचण खरी आहे. पण अंड्याला जो न्याय तोच सुकटीला लावता येईल: ज्याला हवी त्याच्या पानात चमचाभर जवळ्याची चटणी, नको त्याला शेंगदाण्याची. मिठाची भीती खाऱ्या मासळीला लागू आहे. बोंबील आणि जवळा नुसत्या उन्हातही वाळतात. खरी अडचण स्वच्छतेची असते. वाळूवर पसरलेल्या मासळीत खर येते, माश्या बसतात, भाव पडतो आणि शाळेचे मुख्याध्यापक ती स्वयंपाकघरात घ्यायला कचरतात. सिमेंटचा उंच ओटा, बांबूच्या वलांड्या, वरून जाळी, धुवायला गोडे पाणी, एवढे झाले की हीच मासळी अंगणवाडीच्या दारात उभी राहू शकते. मासळी वाळवायचा ओटा हे पोषणाचेच काम आहे, ते मत्स्यखात्याच्या फायलीत पडलेले असो वा नसो.

मासळीच नसेल तर ओट्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र एका गावाच्या आवाक्याबाहेर जातो. तारापूरच्या सांडपाण्याने खाड्या नासल्या, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने उद्योगांवर मोठी भरपाई बसवली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. खाडीतले निवटे, कोलंबी, चिंबोरी, कालवे हे गरिबाचे फुकटचे प्रथिन होते. ते गेले की माणूस दहा रुपयांच्या पाकिटाकडे वळतो, आणि त्याला आपण सवय म्हणतो. खाडीच्या पाण्याची तपासणी मागणारा ग्रामपंचायतीचा ठराव म्हणूनच मला पोषण महिन्यातल्या दहा रांगोळ्यांपेक्षा जास्त पौष्टिक वाटतो.

हे सगळे ग्रामपंचायतीच्या अधिकारात कुठे येते, असे विचारणाऱ्यांनी राज्यघटनेची अकरावी अनुसूची उघडावी. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जे 29 विषय मांडले, त्यांत मत्स्यव्यवसाय, बाजार आणि जत्रा, आरोग्य, महिला व बालविकास, सार्वजनिक वितरण व्यवस्था हे सगळे आहेत. पैसा अपुरा आहे, आणि वित्त आयोगाचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेला बांधलेला असतो. तरी स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखलेले असतात, आणि ते अनेकदा शिलाई यंत्रांवर खर्च होतात. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, शाळेत व्यवस्थापन समिती असते, परसबाग असते. परसबागेत शेवगा आणि अळू लावायला वर्षाला लागतात ते चारदोन तास. आठवडे बाजारात बसणाऱ्या, डोंगरावरून रानभाजी आणि नागली घेऊन आलेल्या बाईची जागापट्टी माफ करायला तर एक ओळीचा ठराव पुरतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत पाऊस ओसरलेला असतो, होड्या समुद्रात असतात आणि ऊन पडू लागलेले असते. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर मासळीचे ओटे, शाळेचे फाटक आणि बाजारातली ती जागा, असे तीन विषय घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.