उपग्रह-दूरध्वनीचा जमाखर्च

दूरच्या समुद्रात जाणारे दर्यावर्दी, हिमशिखरांवर चढणारी पथके किंवा भूकंपाने दूरध्वनीचे मनोरे आडवे झालेल्या मुलुखात धावून जाणारे वैद्य जेव्हा उपग्रह-दूरध्वनी विकत घ्यावयास निघतात, तेव्हा त्यांची दृष्टी प्रथम यंत्राच्या किमतीवर खिळते, आणि माझ्या मते हिशेब तेथेच फसतो. कारण यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, परंतु त्या यंत्राशी बोलणारा उपग्रह पृथ्वीपासून किती उंचीवर आहे यावर जो खर्च अवलंबून असतो, तो वापर चालू असेतोवर पाठ सोडीत नाही.

इन्मारसॅट या कंपनीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीशी गती जुळवून, स्थिर भासतात. तेथून एकेका उपग्रहास भूगोलाचा सुमारे एकतृतीयांश भाग दिसत असल्याने तीनचार उपग्रहांत कारभार आटोपतो. मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होणारी लहर टिपण्यासाठी उपग्रहावर अवाढव्य तबकडी उलगडावी लागते. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे परदेशी दळणवळणाचे आपले पहिले उपग्रह-भूकेंद्र उभे राहिले, तेव्हा सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी जमिनीवर होती. आज इन्मारसॅटच्या चौथ्या पिढीच्या उपग्रहावर ९ मीटरची आणि थुराया या दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहावर सुमारे १२ मीटरची तबकडी अंतराळात आहे, म्हणूनच आपल्या हातातील यंत्रास बोटभर दांडी पुरते. असे यंत्र सामान्यतः सातआठशे डॉलरच्या आसपास मिळते. त्याच्या मर्यादा दोन: शब्द वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागत असल्याने संभाषण अडखळते, आणि ध्रुवप्रदेशातून पाहता हे उपग्रह क्षितिजाखाली राहतात.

इरिडियम या कंपनीने नेमका उलट मार्ग पत्करला. अवघ्या ७८० किलोमीटरवरून ६६ उपग्रह सुमारे शंभर मिनिटांत एकेक प्रदक्षिणा करतात, एक उपग्रह मावळू लागला की चालू संभाषण दुसऱ्याच्या स्वाधीन होते, आणि उपग्रह आपापसांतही बोलत असल्याने महासागराच्या मध्यभागी किंवा दक्षिण ध्रुवावर जवळ भूकेंद्र नसले तरी काही अडत नाही. या वैभवाची किंमत मात्र जबर होती. १ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा सुमारे ५ अब्ज डॉलर खर्ची पडले होते, यंत्रास सुमारे ३,००० डॉलर पडत, आणि एका मिनिटास ७ डॉलरपर्यंत आकारणी होई. या दराने पुरेसे ग्राहक मिळणे अशक्यच होते, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने नादारी जाहीर केली. पुढे ती सारी मालमत्ता सुमारे अडीच कोटी डॉलरांस, म्हणजे मूळ खर्चाच्या दोनशेव्या हिश्श्यास, नव्या मालकांकडे गेली. त्यानंतरच्या ग्राहकास मिनिटास दीडेक डॉलरमध्ये बोलता आले, ते पहिल्या भांडवलदारांचे कर्ज बुडाले म्हणून, ही गोष्ट दरपत्रक वाचताना अवश्य ध्यानी धरावी. २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चून उपग्रहांची दुसरी पिढी वर गेली, आणि तिचा भार आजच्या ग्राहकावर आहे.

दरपत्रकाच्या तळाशी असलेली कलमे तर अधिकच सावधपणे वाचली पाहिजेत. दरमहाची स्थिर आकारणी यंत्र पेटीत पडून असले तरी चुकत नाही. आगाऊ भरलेल्या मिनिटांची मुदत संपली की ती बुडतात. आणि घरून साध्या दूरध्वनीने आपल्याशी बोलू पाहणाऱ्या माणसाच्या माथी मिनिटागणिक कित्येक डॉलर बसू शकतात. इरिडियमच्या जुन्या हातयंत्रातून सेकंदास २.४ किलोबिट एवढीच माहिती वाहते. तेव्हा १ मेगाबाइटचे एक छायाचित्र धाडण्यास सुमारे ५५ मिनिटे जातात, आणि मिनिटास एक डॉलर धरला तरी त्या एका चित्राचे ५५ डॉलर होतात.

म्हणून वर्षातून पंधरवडाभरच ज्यास हे यंत्र लागते, त्याने ते भाड्याने घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, यंत्र १,००० डॉलरचे, स्थिर आकारणी दरमहा ५० आणि भाडे आठवड्यास ५० डॉलर. तर पाच वर्षांत खरेदीदाराचे ४,००० डॉलर जातात आणि भाडेकऱ्याचे ५००, बोलण्याचा आकार दोघांस सारखाच. बारमाही समुद्रावर राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र हे गणित उलटते.

भारतात याखेरीज सरकारी मंजुरीचे एक कलम आहे, ते पैशांत मोजता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यातील ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेवर थुरायाचा उपग्रह-दूरध्वनी सापडला होता. सुरक्षेच्या कारणास्तव थुराया व इरिडियम यांची यंत्रे आपल्या देशात वर्ज्य आहेत. इन्मारसॅटची सेवा २०१७ पासून भारत संचार निगममार्फत, गाझियाबादच्या भूकेंद्रातून मिळते, आणि तीही दूरसंचार विभागाच्या मंजुरीनंतरच. परदेशात भाड्याने घेतलेले यंत्र सामानात टाकून येथे उतरणाऱ्या प्रवाशांवर जप्ती व अटक ओढवल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा मंजुरीचा कागद हाती पडेपर्यंत यंत्रासाठी एक पैसाही खर्चू नये.