नव्वद मतांचा हिशेब

रायपूरच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या आसपास सायंकाळी जमणाऱ्या आम्हा सेवानिवृत्तांत, १८ जुलै २०२२ च्या राष्ट्रपतिपदाच्या मतदानाचा हिशेब मांडण्याचे काम, सारी हयात कोषागारात घालविलेल्या एका गृहस्थांकडे आपसूक आले. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर १९७१ च्या शिरगणतीचा १,१६,३७,४९४ हा आकडा मांडला, त्याला विधानसभेच्या नव्वद जागांनी व पुन्हा हजारांनी भागिले, आणि आमच्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १२९ असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात ते १७५ भरते, हे ऐकून नागपूरच्या पाहुण्यांच्या मुद्रेवर जे समाधान झळकले, ते आम्ही चहाबरोबर गिळले.

या मतदानाचा जाबता मोठा कडक. आमदाराला गुलाबी मतपत्रिका. लेखणी आयोगाची, शाई जांभळी. पसंतीचा क्रम अंकांतच लिहावयाचा, अक्षरी लिहिल्यास मत बाद. पक्षादेश येथे चालत नाही. मोहोरबंद पेटी विमानात अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर, स्वतःच्या तिकिटावर दिल्लीस जाते. (तिला नाश्ता मिळतो काय, ही पृच्छा अर्थातच झाली.)

२१ जुलैच्या मोजणीत छत्तीसगडची ६९ मते यशवंत सिन्हांना व २१ द्रौपदी मुर्मूंना पडली. काँग्रेसचे आमदार ७१. भाजपचे १४, जनता काँग्रेसचे ३ आणि बसपचे २ मिळून १९. म्हणजे मत गुप्त राहूनही, राज्यवार मोजणीच्या फटीतून दोन इसमांची सावली तेवढी दिसली.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी खर्गे व थरूर यांच्यात निवडणूक झाली. राज्योराज्यीचे प्रतिनिधी आपापल्या ठिकाणीच मत देते झाले. परंतु पेट्या दिल्लीस पोहोचल्यावर सर्व प्रांतांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच मोजण्यात आल्या. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. रायपूरचा कौल कोणता, हे सांगणारा आकडाच शिल्लक राहिला नाही आणि कोषागारवाल्यांची पेन्सिल खिशातच राहिली. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार निवडताना एकेका राज्याचा निकाल त्याच रात्री डंका पिटून सांगतात. फार काय, १९३९ साली त्रिपुरी अधिवेशनापूर्वी सुभाषबाबूंनी पट्टाभींना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरविले, तेव्हा कोणता प्रांत कोणाकडे झुकला हे देशाने वाचले होते, आणि रायपूर ज्या महाकोशल प्रांतात होते त्याचीही त्यात नोंद होती. मते मिसळल्याने प्रतिनिधी प्रदेशातील बड्यांच्या रोषापासून वाचतो, हे खरे. पण प्रदेशाला स्वतःचे मन कधीच कळत नाही, आणि हा सौदा मला महाग वाटतो.

कोषागारवाल्यांचे मत निराळे पडले. त्यांचे सारे लक्ष बाद ठरलेल्या ४१६ मतांवर होते. नावापुढे केवळ बरोबरची खूण करावयाची असताना, वर्षानुवर्षे पक्षकार्यात मुरलेल्या मंडळींच्या हातून इतकी मते फुकट जावीत, हे त्यांच्या हिशेबी बुद्धीस काही केल्या पटेना.