सुट्या भागाचा उगम आणि देशाची सुरक्षा : संरक्षण पुरवठा साखळीचे निर्णय सर्वोच्च पातळीवर का घ्यावे लागतात?

नवी दिल्ली : भारतीय लष्करासाठी मालवाहू ड्रोन खरेदी करण्याचे तीन करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केले. एकूण ४०० ड्रोनचा हा व्यवहार सुमारे २३० कोटी रुपयांचा होता. ड्रोन पुरवण्याचे काम भारतीय कंपन्यांकडे होते. मात्र त्यांत चिनी बनावटीचे इलेक्ट्रॉनिक भाग वापरले जात असल्याची बाब समोर आली आणि करार मागे घेण्यात आले.

२०२५-२६ या वर्षासाठी संरक्षणाकरिता ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद असताना २३० कोटींची रक्कम किरकोळ वाटू शकते. या निर्णयामागचा पेच मात्र किरकोळ नव्हता. लष्कराला रसद पोहोचवणाऱ्या ड्रोनची गरज होती. करार रद्द केल्याने ती गरज लांबणीवर पडली आणि करार कायम ठेवला असता तर ज्या देशाशी सीमेवर तणाव आहे, त्याच देशातील सुटे भाग सैन्याच्या हाती गेले असते. सामग्रीला विलंब पत्करायचा की सामग्रीतील धोका पत्करायचा, हा तो पेच होय. जगभरात संरक्षण तंत्रज्ञान आणि पुरवठा साखळीच्या संरक्षणाचा विषय खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावरून मंत्री आणि सचिवांच्या दालनात पोहोचला आहे, तो यामुळेच.

धोका नेमका कोणता?

संरक्षण सामग्रीतील परकीय भागांमुळे तीन प्रकारचे धोके संभवतात. पहिला माहितीच्या गळतीचा. ड्रोनमधील संपर्क यंत्रणा, कॅमेरा किंवा संगणकप्रणाली उड्डाणाचा मार्ग आणि चित्रण परस्पर बाहेर पाठवू शकते. दुसरा घुसखोरीचा. सुट्या भागात दडवलेल्या त्रुटीचा लाभ घेऊन यंत्रणा निकामी करता येते किंवा तिचे नियंत्रण हिरावून घेता येते. तिसरा धोका अडवणुकीचा. भाग निर्दोष असला, तरी तो पुरवणाऱ्या देशाने ऐनवेळी निर्यात थांबवली तर कारखाना ठप्प होतो.

पहिले दोन धोके तपासणीने कमी करता येतात. तिसऱ्यावर तपासणीचा उपाय नाही. त्यासाठी पर्यायी स्रोत आधीच उभा करावा लागतो. त्याला वर्षे लागतात आणि सुरुवातीला तो महागही पडतो.

एका चुंबकाने रोखलेली लढाऊ विमाने

साखळीचा कच्चा दुवा किती खोलवर असू शकतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत २०२२ मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने नव्या एफ-३५ लढाऊ विमानांचा स्वीकार थांबवला. विमानाच्या एका उपयंत्रणेतील वंगण पंपात असलेल्या चुंबकासाठी चीनमध्ये तयार झालेला कोबाल्ट आणि समॅरियमचा मिश्रधातू वापरल्याचे उघड झाले होते. विमान तयार करणारी लॉकहीड मार्टिन, तिला उपयंत्रणा देणारी हनीवेल, हनीवेलला पंप देणारी कंपनी आणि त्या कंपनीला चुंबक देणारा पुरवठादार, अशा उतरंडीच्या तळाशी हा मिश्रधातू होता.

या चुंबकामुळे उड्डाणाच्या सुरक्षेला किंवा गोपनीय माहितीला धोका नसल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले होते. तरीही विमाने स्वीकारता येईनात. कारण विशिष्ट धातू आणि मिश्रधातू चीनसह काही देशांतून घेण्यास अमेरिकी कायद्याने मनाई आहे. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये संरक्षण खात्याचे खरेदीविषयक अवर सचिव विल्यम लाप्लांट यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव विशेष सवलत मंजूर केली आणि विमानांचा स्वीकार पुन्हा सुरू झाला.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. नियमाला अपवाद करण्याचा अधिकार कनिष्ठ पातळीवर ठेवलेला नव्हता. अपवादाची जबाबदारी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला स्वतःच्या स्वाक्षरीने घ्यावी लागली. आणि अपवाद केला म्हणून नियम सैल झाला नाही. उलट १ जानेवारी २०२७ पासून चुंबकांबाबतची अट खाणीतून निघणाऱ्या खनिजापर्यंत मागे नेण्याची तरतूद अमेरिकेने केली आहे.

भारताचा अनुभव

परावलंबनाची किंमत भारताने यापूर्वीही मोजली आहे. मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे काम सुरू होते. तेथील भारतीय अभियंत्यांना परतावे लागले आणि उपकरणे तिकडेच अडकून पडली. उर्वरित काम शास्त्रज्ञांनी देशातच पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी या विमानाने पहिले उड्डाण केले. पुढे तेच विमान ‘तेजस’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

दोन दशकांनंतर याच विमानाला वेगळ्या अडचणीने गाठले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला आणि त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे एफ-४०४ प्रकारच्या ९९ इंजिनांची मागणी नोंदवण्यात आली. मात्र अनेक वर्षे बंद असलेली उत्पादन मालिका पुन्हा सुरू करण्यात आणि सुट्या भागांचे पुरवठादार पुन्हा जोडण्यात कंपनीचा वेळ गेला. या मागणीतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. येथे ना निर्बंध होते, ना वैर. तरीही साखळीतील अडथळ्याचा परिणाम थेट हवाई दलावर झाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने निवृत्त झाल्यानंतर हवाई दलाकडे २९ लढाऊ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

गळती कारखान्याबाहेरही

तंत्रज्ञानाचे संरक्षण म्हणजे केवळ देशातील प्रयोगशाळांवर पहारा ठेवणे नव्हे, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पिन श्रेणीच्या पाणबुड्यांची बांधणी सुरू असताना, त्या पाणबुड्यांच्या क्षमतेविषयीची २२ हजार ४०० पाने फुटल्याचे वृत्त ऑगस्ट २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने दिले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नौदलप्रमुखांकडून या प्रकरणाचा अहवाल मागवला. ही गळती भारतातून नव्हे, तर परदेशातून झाल्याचे दिसते, असे नौदलाने त्या वेळी सांगितले होते.

पाणबुडी भारताची, बांधणी मुंबईत आणि आराखडा फ्रेंच कंपनीचा, अशा व्यवस्थेत गोपनीयतेची जबाबदारी अनेक हातांत विभागली जाते. परदेशी भागीदार आणि त्याचे उपकंत्राटदार माहिती कशी हाताळतात, यावर देखरेख ठेवण्याचा हक्क करारातच मिळवावा लागतो. तो मिळवणे हा वाटाघाटींचा आणि परराष्ट्र संबंधांचा विषय ठरतो.

यंत्रणा कोणत्या, अधिकार कोणाकडे?

भारतात या विषयाचे धागे अनेक मंत्रालयांत विखुरलेले आहेत. मोठ्या खरेदीला गरजेची मान्यता संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण अधिग्रहण परिषद देते. सर्वांत महत्त्वाचे प्रस्ताव पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढे जातात. संवेदनशील वस्तू, साहित्य आणि तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर ‘स्कोमेट’ सूचीद्वारे नियंत्रण ठेवले जाते. ही सूची वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील परकीय व्यापार महासंचालनालय राबवते. युद्धसामग्रीच्या गटातील परवाने मात्र संरक्षण उत्पादन विभाग देतो. केवळ यंत्रे नव्हेत, तर आराखडे आणि संगणकप्रणालीही या सूचीच्या कक्षेत येतात.

या नियंत्रणाला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे. भारत जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेचा आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटाचा सदस्य झाला. आपले तंत्रज्ञान भारताकडून तिसऱ्या देशाच्या हाती पडणार नाही, असा विश्वास इतर देशांना वाटला, तरच ते प्रगत तंत्रज्ञान देण्यास तयार होतात. संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३ हजार ६२२ कोटी रुपयांवर पोहोचली असताना या विश्वासाचे मोल अधिकच वाढले आहे.

आयात आणि गुंतवणुकीच्या बाजूने २०२० हे वर्ष निर्णायक ठरले. भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी त्या वर्षी एप्रिलमध्ये सक्तीची झाली. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर जुलैमध्ये, अशा देशांतील निविदाकारांना सरकारी खरेदीत भाग घेण्यापूर्वी नोंदणी बंधनकारक करण्यात आली. ऑगस्टमध्ये १०१ वस्तूंची पहिली सकारात्मक स्वदेशीकरण सूची जाहीर झाली. अशा पाच सूचींमधून सैन्यदलांसाठीच्या ५०९ वस्तू ठरावीक मुदतीनंतर देशातच खरेदी करण्याचे धोरण आखण्यात आले. दूरसंचार क्षेत्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘विश्वासू स्रोत’ ठरवण्याची व्यवस्था मंजूर झाली. उप राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालील समिती तेथे कोणत्या उपकरणांचा स्रोत विश्वासार्ह आहे, हे ठरवते.

या उपायांत वाणिज्य, वित्त, गृह, संरक्षण आणि दूरसंचार अशा पाच खात्यांचा सहभाग आहे. एका खात्याला स्वस्त पुरवठा हवा असतो, दुसऱ्याला गुंतवणूक, तर तिसऱ्याला सुरक्षा. हे हितसंबंध परस्परांना छेदतात, तेव्हा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही एका विभागाकडे नसतो. तो मंत्रिमंडळ पातळीवरच होऊ शकतो.

दुर्मीळ खनिजांचा धडा

अडवणुकीचा धोका किती प्रत्यक्ष आहे, हे ४ एप्रिल २०२५ रोजी दिसून आले. चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियमसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि संबंधित चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. क्षेपणास्त्रे, रडार, विमाने आणि विद्युत मोटारी यांना अशी चुंबके लागतात. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच चीनने चुंबकनिर्मितीच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. दुर्मीळ खनिजांच्या शुद्धीकरणाची जगातील बहुतांश क्षमता चीनमध्ये एकवटलेली असल्याने या निर्णयांचा परिणाम सर्वत्र जाणवला.

भारताकडे केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइटचे साठे आहेत. उणीव आहे ती खनिजापासून धातू आणि धातूपासून चुंबक तयार करणाऱ्या मधल्या टप्प्यांची. हे टप्पे उभारण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये १६ हजार ३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्मितीसाठी ७ हजार २८० कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. वर्षाला ६ हजार टन चुंबकांची क्षमता निर्माण करणे हे या योजनेचे उद्दिष्ट आहे.

कठोर नियमांची किंमत

पुरवठा साखळी सुरक्षित करण्याचा भार अखेरीस लहान उद्योगांवर येऊन पडतो. मोटर, बॅटरी, नियंत्रक, कॅमेरा, अर्धवाहक चिप अशा प्रत्येक भागाचा उगम सिद्ध करणे मोठ्या कंपनीला शक्य असते. दहा-वीस अभियंत्यांच्या नवउद्योगाला ते जड जाते. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हा सुट्या भागांच्या आयातीची मुभा कायम ठेवण्यात आली होती. देशांतर्गत उद्योग उभा राहावा, हा त्यामागचा हेतू होता. तीन वर्षांनी तेच भाग करार रद्द होण्याचे कारण ठरले. नियम निविदेच्या वेळी स्पष्ट असेल, तर उद्योग त्यानुसार नियोजन करतो. तो पुरवठ्याच्या वेळी लागू झाला, तर नुकसान उद्योगाचे आणि सैन्याचेही होते.

म्हणूनच घटकांची संपूर्ण यादी उत्पादनासोबत देण्याच्या पद्धतीला महत्त्व येत आहे. संगणकप्रणालीसाठी अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वे ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जारी केली. यादी मिळाली, तरी ती तपासणारी स्वतंत्र प्रयोगशाळा, चिनी भागाला देशी पर्याय तयार होईपर्यंतचा कालावधी आणि त्या काळात होणारा जादा खर्च, हे प्रश्न उरतातच. देशी भाग महाग असूनही तोच घ्यायचा, हा निर्णय खरेदी अधिकाऱ्याने एकट्याने घेतला तर पुढे लेखापरीक्षणात त्याच्यावर आक्षेप येऊ शकतो. तो धोरण म्हणून वरून आला, तरच अधिकारी निर्धास्तपणे अंमल करतात.

नेतृत्वाची कसोटी त्यामुळे बंदी जाहीर करण्यापुरती मर्यादित राहत नाही. अट निविदेतच स्पष्ट करणे, पर्याय उभा राहण्यासाठी निधी आणि मुदत देणे, अपवाद करावाच लागला तर त्याची कारणे नोंदवून जबाबदारी घेणे, ही तिची पुढची अंगे आहेत. रद्द झालेल्या ४०० ड्रोनच्या जागी पूर्णतः विश्वासार्ह ड्रोन किती लवकर सैन्याच्या हाती पडतात, यावरच त्या निर्णयाचे मोल ठरेल.