मासळीच्या टेम्पोचा विमा आणि कोर्ट



टेम्पोचा विमा भरताना सगळे विचारतात, एवढे पैसे कशाचे? थर्ड पार्टीचा दर कंपनी नाही, केंद्र सरकार ठरवतं. साडेसात टनापर्यंतच्या चारचाकी मालवाहू गाडीला 1 जून 2022 पासून 16,049 रुपये ठरले, वर जीएसटी. आपल्या गाडीखाली कुणी दगावलं तर भरपाई कोर्ट ठरवतं, तिला कमाल मर्यादा नाही. त्या दाव्यांचा भार हप्त्यावर येतो.

पण कोर्टाने आपल्यालाही आधार दिलाय. ड्रायव्हरकडे नुसतं हलक्या गाडीचं लायसन्स आहे म्हणून कंपन्या टेम्पोचा दावा नाकारायच्या. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मालासकट साडेसात टनापर्यंत तेच लायसन्स चालतं.

हप्ता वाचवायला नुसता थर्ड पार्टी घेणाऱ्यांनो, ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर आठवा. त्यात स्वतःच्या बुडालेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर पाण्यातली गाडी स्टार्ट करू नका. इंजिन बिघडलं तर कंपनी हात वर करते. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा.

पॉलिसीची तारीख आजच बघा. अडलं तर कागद घेऊन ऑफिसात या.

– सेक्रेटरी