रडारसाठी जागेची निवड : शिडाची नौका आणि वऱ्हाडचे आकाश

प्रस्तावना :
रडारची क्षमता सांगताना बहुधा त्याचा पल्ला सांगितला जातो. एखाद्या रडारचा पल्ला २५० किलोमीटर आहे असे म्हटले, की त्या वर्तुळातील प्रत्येक गाव त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आले, असा समज होतो. हा समज अपुरा आहे. दूरच्या ठिकाणी रडार नेमक्या कोणत्या उंचीवरील गोष्टी पाहील, हे ते कोठे व कसे बसविले आहे यावर अवलंबून असते. हे तत्त्व शिडाच्या नौकेच्या उदाहरणावरून स्पष्ट करून, त्याचा अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भातील अर्थ प्रस्तुत लेखात मांडला आहे.

नौकेवरील जागेचा प्रश्न :
गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात खलाशी झोपलेला असताना किंवा दाट धुक्यात जवळ येणाऱ्या जहाजाची सूचना देण्यास रडार उपयोगी पडते. ते जितके उंच तितके चांगले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचे क्षितिज उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समुद्रसपाटीपासून ४ मीटर उंचीवरील रडारचे क्षितिज सुमारे ८ किलोमीटर असते, तर १६ मीटर उंचीवर ते सुमारे १६ किलोमीटर होते. म्हणजेच उंची चौपट केली असता क्षितिज केवळ दुप्पट होते.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. डोलकाठीच्या शेंड्याकडील वजन नौकेचे स्थैर्य कमी करते. शिवाय वाऱ्याच्या दाबाने नौका एका बाजूस कलते. लहान नौकांवरील रडारची शलाका उभ्या दिशेने साधारण २५ अंश रुंद, म्हणजे मध्यरेषेच्या वर-खाली प्रत्येकी साडेबारा अंश असते. नौका २० अंश कलली, तर एका बाजूची शलाका आकाशात व दुसऱ्या बाजूची जवळच्या पाण्यात जाते आणि दोन्ही बाजूंची दूरची जहाजे निसटू शकतात. डोलकाठीच्या पुढे रडार बसविल्यास मागील दिशेच्या काही भागावर डोलकाठीची सावली पडते. म्हणून डोलकाठीवर मध्यम उंचीची जागा किंवा नौकेच्या मागील टोकावरील स्वतंत्र खांब निवडला जातो. कलण्यावर उपाय म्हणून रडार आपोआप समतल राहील असे आधारही वापरतात. उंची, कल आणि अडथळा या तीन गोष्टींचा मेळ म्हणजे जागेची निवड होय.

नागपूरहून दिसणारे वऱ्हाड :
हवामान रडारला हेच तीन निकष लागू पडतात. नागपूर येथील भारतीय हवामानशास्त्र विभागाचे डॉप्लर रडार सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी वापरते. या लहरी मुसळधार पावसातूनही फारशा क्षीण न होता दूरवर जातात. तथापि, शलाका क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखली असे धरल्यास, सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवरील अमरावतीवर तिचा मध्य साधारण २.४ किलोमीटर उंचीवर असतो. सुमारे २२० किलोमीटरवरील अकोल्यावर ही उंची साधारण ४.८ किलोमीटर होते. एक अंश रुंदीची शलाका अकोल्यापर्यंत पोहोचताना पावणेचार किलोमीटरहून अधिक पसरलेली असते.

याचा अर्थ असा, की अकोल्यावर दहा-बारा किलोमीटर उंच वाढलेला गडगडाटी ढग नागपूरहून दिसतो. परंतु जमिनीलगतचा वादळी वारा व कमी उंचीच्या ढगांतील पाऊस दिसत नाही. पावसाळ्यात शून्य अंश तापमानाची पातळी सुमारे पाच किलोमीटरवर असते. तेथे वितळणाऱ्या हिमकणांपासून तीव्र प्रतिध्वनी येतो आणि पावसाचा अंदाज प्रत्यक्षाहून अधिक निघू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ व मराठवाड्यातील रब्बी पिकांचे आणि फळबागांचे मोठे नुकसान केले. अशा प्रसंगी वादळाच्या तळाची माहिती तासभर आधी मिळणे मोलाचे ठरते.

पर्यायी जागांचा विचार :
वऱ्हाडात रडार बसवावयाचे झाल्यास प्रथम चिखलदऱ्याचे नाव सुचेल. सुमारे ११०० मीटर उंचीचे हे ठिकाण पूर्णेच्या मैदानापेक्षा साधारण ८०० मीटर उंच आहे. परंतु तेथून अर्ध्या अंशाने निघालेली शलाका ८५ किलोमीटरवरील अकोल्यावर मैदानापासून जवळपास दोन किलोमीटर उंचीवर राहील. शलाका क्षितिजाखाली झुकविता येते. मात्र तेव्हा गाविलगडच्या डोंगररांगांचे प्रतिध्वनी वाढतात. नौकेप्रमाणे येथेही केवळ उंची हा निर्णायक गुण ठरत नाही.

तुलनेसाठी मूर्तिजापूरचा परिसर घेता येईल. तेथून अकोला व अमरावती ही दोन्ही शहरे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या अंतरात आहेत. या अंतरावर शलाकेचा मध्य सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवर असेल. रडारच्या थेट डोक्यावरील शंकूच्या आकाराचा भाग त्याला दिसत नाही, म्हणून ते शहरातच न बसविता काही अंतरावर असणे हितावह होय. मूर्तिजापूरवरील या शंकूचा वरचा भाग नागपूरचे रडार पाहू शकेल, कारण त्याची शलाका तेथे साडेतीन किलोमीटरच्या वर असते.

मैदानी जागेलाही मर्यादा आहेत. उंच इमारती, मोबाइलचे मनोरे व झाडे डोलकाठीप्रमाणे सावली पाडतात. याहून महत्त्वाची अडचण काळ्या जमिनीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे मनोऱ्याचा पाया सखोल नसल्यास मनोरा कलू शकतो. एक दशांश अंश कल आला, तरी १०० किलोमीटरवर शलाका सुमारे १७५ मीटरने सरकते. नौकेचा कल क्षणोक्षणी जाणवतो. मनोऱ्याचा कल मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

समारोप :
रडारच्या जागेचा निर्णय पल्ल्याच्या आकड्यावरून नव्हे, तर संबंधित प्रदेशावर शलाका किती उंचीवरून जाते यावरून घेतला जावा. या दृष्टीने ‘अकोला नागपूरच्या पल्ल्यात आहे’ हे विधान खरे असले तरी पुरेसे नाही. भौतिकशास्त्र व भूगोल या विभागांना येथे संयुक्त अभ्यासाची संधी आहे. संभाव्य जागेवरून थिओडोलाइटने सर्व दिशांच्या अडथळ्यांचे कोन मोजणे आणि अकोल्यातील कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी रडारच्या अंदाजाशी ताडून पाहणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. वऱ्हाडसाठी स्वतंत्र रडारची गरज किती व कोठे, या चर्चेला अशा मोजमापांचा आधार मिळणे आवश्यक आहे.