घराचा हिशेब : किंमत, खर्च आणि मूल्य

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या अनुभवातून आलेली आहे. आज बहुतेक कुटुंबे घर बांधीत नाहीत, सदनिका विकत घेतात; परंतु अंदाज चुकण्याचे संकट काही टळलेले नाही. किंमत, खर्च आणि मूल्य या तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकच समजतो, हे त्याचे मुख्य कारण होय. किंमत विकणारा सांगतो; खर्च आपल्या खिशातून होतो; आणि ते घर उद्या विकले किंवा भाड्याने दिले तर काय मिळेल, यावरून मूल्य ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बांधकाम चालू असलेल्या एका सदनिकेची किंमत ५० लाख रुपये आहे आणि बँक ४० लाखांचे कर्ज देण्यास तयार आहे. हाताशी १० लाख असले की झाले, असे गृहस्थाला वाटते. आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. वस्तू व सेवा कर शेकडा ५ प्रमाणे अडीच लाख. (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेवर तो शेकडा १ असतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नसतो.) मुद्रांक शुल्क व नोंदणी यांचे दर प्रत्येक राज्यात वेगळे, शेकडा ६ धरल्यास ३ लाख. दिवे, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातील फडताळे यांचे अडीच लाख. वकील, बँकेचे शुल्क आणि देखभालीची अनामत मिळून १ लाख. बेरीज ५९ लाख झाली. ताबा मिळेपर्यंत दोन वर्षे सध्याच्या घराचे दरमहा १२ हजार भाडे चालूच राहील. त्याचे २ लाख ८८ हजार. म्हणजे स्वतःजवळ १० लाख नव्हे, जवळजवळ २२ लाख हवेत! ही तूट ऐन वेळी कळली, की दागिने गहाण पडतात आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागते.

कर्जाचाही हिशेब असाच करावा. ४० लाखांचे कर्ज द. सा. द. शे. साडेआठ दराने २० वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि एकूण फेड ८३ लाखांवर जाते.

आता मूल्याकडे वळू. प्रथम क्षेत्रफळ पाहावे. जिना, उद्वाहन व सामाईक जागेचा वाटा मिळवून सांगितलेल्या १,००० चौरस फुटांत चटई क्षेत्र ७०० च असेल, तर ५,००० रुपयांचा दर वस्तुतः ७,१४३ रुपये पडतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे. दोन घरांची तुलना त्यावरूनच करावी.

दुसरे असे की, महाराष्ट्रातील ‘रेडी रेकनर’, दिल्लीतील ‘सर्कल रेट’, कर्नाटकातील ‘गाइडन्स व्हॅल्यू’ किंवा गुजरातेतील ‘जंत्री’ हे दर मुख्यतः शुल्क-आकारणीसाठी असतात. बाजारभाव त्यांहून अधिक किंवा उणा असू शकतो. त्याच इमारतीत, त्याच गल्लीत अलीकडे प्रत्यक्ष नोंदविलेले व्यवहार कोणत्या भावाने झाले, हे विचारावे. विकणाऱ्याने मागितलेला भाव हा पुरावा नव्हे.

तिसरी कसोटी भाड्याची. वरील घराला दरमहा १४ हजार भाडे येत असेल, तर वर्षाचे १ लाख ६८ हजार झाले. देखभाल, घरपट्टी, दुरुस्ती यांपायी ५८ हजार वजा केल्यास १ लाख १० हजार उरतात. ५९ लाखांवर ही प्राप्ती शेकडा दोनच्याही आत आहे. केवळ गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याने हा आकडा बँकेतील ठेवीच्या व्याजाशेजारी मांडून पाहावा. पुढे भाव वाढतीलच, ही आशा असते. तिला जमेच्या बाजूस धरू नये. इमारत जुनी होते, झिजते. मूल्य वाढते ते बहुधा तिच्याखालील जमिनीचे आणि परिसराचे.

राहण्यासाठी घेतलेल्या घराचे सुख अर्थात आकड्यांत मावत नाही. तथापि ते सुख टिकावे म्हणूनच आकडे आधी मांडावयाचे. विसार देण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून खर्चाची यादी करावी आणि तीत अकल्पित खर्चासाठी शेकडा १० वाढवावेत. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम घेण्यास वरील कायद्याने बांधकाम-व्यावसायिकास मनाई केली आहे, हेही ध्यानात ठेवावे. एक संध्याकाळ या हिशेबात गेली, तर पुढील वीस वर्षांची झोप सुखाची होईल.