बिऱ्हाड कोण हलवतं?

नर्मदेच्या ग्वारीघाटावर मराठी बोलणारे परिक्रमावासी येतात आणि पुढे चालू लागतात; जबलपुरातली मराठी घरं मात्र मुक्कामाला आलेली. ती निव्वळ पोटामागे आली, हे उत्तर मला अपुरं वाटतं. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल १८१७ मध्ये संपला. म्हणजे मराठी माणूस आधी सत्तेमागे आला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं राजधानीपण सुटलं आणि मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपुरात आलं. न्यायालयाबरोबर बिऱ्हाडं हलली, ती दुष्काळाने नव्हे.

कुणी म्हणेल, १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीने रोजगार दिला, त्यात कसलं सत्तांतर? आक्षेप रास्त आहे. पण तोफगाड्यांचा कारखाना कुठे काढायचा, हेही सरकारच ठरवत होतं. सत्तेचे निर्णय माणसं हलवतात, हे छोट्या देशांत अधिक उघडं दिसतं. लाटव्हियात २००८ च्या मंदीने नोकऱ्या गेल्या आणि तरुण ब्रिटन-आयर्लंडकडे निघाले. सोव्हिएत काळात ही वाट बंद होती. २००४ च्या युरोपीय संघप्रवेशाने ती खुली केली. जेमतेम वीस लाखांच्या देशाला एवढी गळती सोसत नाही. नागपूरचं तसं झालं नाही. तिथे खंडपीठ राहिलं, पुढे हिवाळी अधिवेशनही मिळालं.